कानाची साक्ष

लाखभर रुपयांचा हेडफोन डोक्यावर चढवून माणूस डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘आवाज म्हणावा तर हा!’ त्या क्षणी आपल्याला काहीतरी कळले आहे, असा त्याचा दावा असतो. हेडफोन चांगला आहे हे त्याला कळले, की तो महाग आहे हेच त्याला पुन्हा एकदा कळले? प्रश्न वरवर दुकानदारीचा वाटतो, पण त्याच्या पोटात जुना आणि अवघड प्रश्न आहे. अनुभव हा स्वतःचाच पुरावा होऊ शकतो का? ‘मला तसे जाणवले’ या वाक्यापाशी वाद संपतो की तिथून सुरू होतो? आपल्या दर्शनांनी यावर शतकानुशतके डोके लढवले आहे आणि खानदेशाला तरी हा प्रश्न परका वाटायचे कारण नाही. अमळनेरच्या गिरणीचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली प्रसिद्ध झाला तो या संस्थेकडून. पुढे १९३३ साली तिथल्याच जी. आर. मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती यांनी मिळून एक पुस्तक काढले, त्याचे नावच ‘अज्ञान’. अज्ञान म्हणजे ज्ञान नसणे एवढेच, की ती स्वतःचे काम करणारी, माणसाला काही झाकून ठेवणारी आणि काही भलतेच दाखवणारी शक्ती आहे, हा अद्वैताचा कळीचा मुद्दा. महागड्या हेडफोनची किंमत माहीत असणे हे नेमके अशाच शक्तीसारखे काम करते, असे माझे म्हणणे आहे. आणि तसे असेल, तर ती माहिती दूर सारल्याशिवाय कानाने दिलेली साक्ष ग्राह्य धरता येत नाही.

आधी वस्तू नीट पाहू. हेडफोनमध्ये एक पातळ पडदा विजेच्या इशाऱ्यावर पुढेमागे हलतो. बहुतेक हेडफोनांत त्या पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते. प्लॅनर जातीत वीज वाहणारे पट्टे पडद्यावरच उमटवलेले असतात. इलेक्ट्रोस्टॅटिक जातीत पडदा दोन जाळ्यांमध्ये विद्युतभाराच्या ओढीने हलतो. या तिन्ही रीतींनी उत्तम हेडफोन झाले आहेत आणि सुमारही झाले आहेत. आवाज कसा लागतो हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते: खर्जापासून तारापर्यंतची कोणती कंप्रता किती जोराने कानाच्या पडद्यापाशी पोचते. यातली अडचण अशी, की ‘सगळ्या कंप्रता सारख्या’ हे इथे उत्तर नव्हे. समोरून येणारा आवाज आपल्या पाळीवरून आणि कानाच्या नळीतून आत जाताना ३,००० हर्ट्झच्या आसपास चांगलाच वाढतो, आणि जन्मापासून आपण जग तसेच ऐकत आलो आहोत. हेडफोन कानावर बसला की ही नैसर्गिक रचना बदलते, म्हणून तो चढ हेडफोन बनवणाऱ्यालाच हिशेबात धरावा लागतो. किती धरायचा, हा या धंद्यातला खरा वाद आहे. पडदा बेरिलियमचा की कागदाचा, बाहेरची वाटी अक्रोडाच्या लाकडाची की प्लास्टिकची, हे त्यानंतरचे.

हे जवळून समजून घ्यायचे तर आपल्या कानाला पक्के ठाऊक असलेले वाद्य घ्यावे. मुक्ताईनगरच्या वारीत टाळ ऐकलेला माणूस टाळाला फसत नाही. टाळावर टाळ पडतो तेव्हा आधी धातूचा कोरडा आघात होतो आणि त्याच्या पाठोपाठ एक लांब, थरथरत ओसरणारा नाद उमलतो. हेडफोनने वरच्या पट्टीला नको तेवढा जोर दिला, की आघात पुढे येतो आणि नाद मागे पडतो. टाळ थुंकल्यासारखा वाजतो. पण असा हेडफोन पहिल्यांदा लावणारा माणूस पुष्कळदा म्हणतो की ‘बारकावे’ ऐकू आले, पूर्वी न ऐकलेले ऐकू आले. आले खरे, पण ते वाजवणाऱ्याने वाजवलेच नव्हते तेवढ्या मोठ्याने. पखवाजाचेही तसेच. त्याच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावतात म्हणून तो भरदार खर्ज निघतो. बंद जातीच्या हेडफोनची गादी कानाभोवती नीट बसली नाही, चष्म्याची काडी मध्ये आली, तर हवेला फट मिळते आणि खर्ज तिथून निघून जातो. त्या फटीपुढे पाच हजारांचा आणि पन्नास हजारांचा हेडफोन सारखेच हतबल असतात.

आता पुरावा. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. कोणती कंप्रता किती जोराने येते याचा प्रत्येकाचा आलेख काढला आणि तो दुकानातल्या किमतीशी ताडून पाहिला. दोहोंत काही संबंध आढळला नाही. किंमत चढत गेली म्हणून आलेख कोणत्या ठरावीक दिशेने सुधारत गेला नाही. कोणी म्हणेल, आलेख म्हणजे संगीत नव्हे, आणि ते म्हणणे मला मान्य आहे. त्याकडे पुढे येतो. म्हणून दुसरा पुरावा माणसांच्या कानांचाच घेऊ. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली ४० जणांना चार स्पीकर ऐकवून गुण द्यायला सांगितले. एकदा स्पीकर डोळ्यांसमोर होते, एकदा पडद्याआड. समोर असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहानशा, स्वस्त संचाचे घसरले. पडदा ओढला तसे ते अंतर आकसले. याहून महत्त्वाची गोष्ट सहसा सांगितली जात नाही. स्पीकरची जागा बदलली, ऐकवलेले संगीत बदलले की आवाजात खरोखरच फरक पडतो. पडद्याआड ऐकताना लोकांना तो फरक कळत होता. वस्तू समोर दिसू लागल्यावर तोच फरक त्यांच्या गुणांमधून जवळजवळ पुसला गेला. म्हणजे डोळ्यांनी नसलेले ऐकवले, आणि असलेले ऐकू दिले नाही.

वेदान्ती ज्याला विक्षेप आणि आवरण म्हणतात, ते याहून नेटके एका प्रयोगात सापडणे कठीण. दोरीवर साप दिसतो त्यात दोन गोष्टी घडतात: दोरी झाकली जाते आणि तिच्या जागी साप उभा राहतो. त्या ४० जणांच्या बाबतीत आवाजाचा खरा गुणधर्म झाकला गेला आणि त्या जागी पेटीचा आकार, नाव, रुबाब उभा राहिला. त्यांना काही माहीत नव्हते म्हणून असे झाले नाही. जास्त माहीत होते म्हणून झाले. अज्ञान ही केवळ उणीव नाही, ते काम करणारे काहीतरी आहे, ही अद्वैताची भूमिका अनेकांना शब्दच्छल वाटते. एखादे ओझे डोक्यावरून उतरावे तशी माहिती उतरवल्यावर ज्ञान वाढल्याचे हे उदाहरण पाहिले की ती तशी वाटू नये.

मीमांसक इथे हरकत घेतील, आणि त्यांची हरकत वजनदार आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्ञान मुळात स्वतःच प्रमाण असते. जाणवले ते खरे मानूनच माणूस चालतो. प्रत्येक जाणिवेला दुसऱ्या जाणिवेचा दाखला मागत बसलो तर त्या दुसरीला तिसरीचा दाखला लागेल आणि पाणी पिण्याआधीच माणूस तहानेने मरेल. मला हे पटते. स्वतःच्या कानावर अविश्वास दाखवणे हा काही शहाणपणाचा आरंभ नाही. पण याच मीमांसकांतल्या कुमारिलाच्या परंपरेने आपल्या नियमाला दोन अपवाद ठेवले आहेत. एक, नंतरच्या जाणिवेने आधीची खोडून काढली तर. आणि दोन, जाणीव ज्या कारणांतून उपजली त्या कारणांतच दोष आहे असे कळले तर. काविळीच्या माणसाला शंख पिवळा दिसतो. त्याला तो पिवळा दिसतो हे खरेच आहे, पण डोळ्यांत कावीळ आहे हे समजल्यावर त्याच्या बघण्याला शंखाच्या रंगाबद्दलची साक्ष म्हणून उभे करता येत नाही. किमतीची चिठ्ठी वाचून झाल्यावर ऐकणारा कान हा असा कान आहे. त्यात ऐकणाऱ्याचा अप्रामाणिकपणा नाही, त्याची अक्कल कमी आहे असेही नाही. टूल-ऑलिव्हच्या चाचणीत अनुभवी ऐकणारेही यातून सुटले नाहीत. दोष कारणात आहे. म्हणून कानावरचा स्वाभाविक विश्वास इथे तेवढ्यापुरता स्थगित होतो, आणि कारणातला दोष काढला की तो पूर्ववत होतो. आंधळी चाचणी, म्हणजे वस्तू न दाखवता घेतलेली चाचणी, कानाविरुद्ध नसून कानाला मोकळे करण्यासाठी आहे, हे या भाषेत बोलले की लख्ख दिसते.

नैयायिकांचा मार्ग निराळा. ज्ञान खरे ठरते ते त्यावर विसंबून केलेली कृती सफळ झाली की. दुरून पाणी दिसले, चालत गेलो, प्यायलो, तहान भागली: पाणी होते. मृगजळ असते तर तहान भागली नसती. महागडा हेडफोन घेणारे बहुधा नकळत याच वळणाने बोलतात. ‘दोन वर्षे रोज ऐकतो आहे, आनंद तसूभर कमी झाला नाही, आणखी काय सिद्ध करायचे?’ पण इथे कृतीची सफलता त्याच दोषाच्या सावलीत मोजली जाते आहे. किंमत पहिल्या दिवशी ठाऊक होती तशी दोन वर्षांनंतरही ठाऊक आहे. काविळीच्या डोळ्यांनी शंख हजारदा पाहिला तरी साक्षी हजार होत नाहीत. शिवाय कान कशालाही सरावतो. जो आवाज पहिल्या आठवड्यात टोचत होता तो महिन्याभरात नेहमीचा होतो आणि मालक म्हणतो, हेडफोन ‘मुरला’. मुरला तो बहुतेक वेळा मालकाचा कान.

जळगावकरांना हे सोन्याच्या भाषेत सांगावे. या बाजाराचे नाव सोन्याच्या शुद्धतेसाठी दूरवर घेतले जाते, आणि ते ज्या रीतीने राखले जाते ती पाहण्यासारखी आहे. सराफ दागिना हातात घेऊन त्याच्या चमकेवरून निकाल देत नाही. काळ्या कसोटीवर तो घासतो, शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढतो, आम्ल लावतो आणि दोन रेघा ताडून पाहतो. त्याहून पक्के हवे असेल तर अग्निपरीक्षा: कण काढून तापवायचा, हिणकस धातू वेगळे करायचे आणि उरलेले सोने तोलायचे. हॉलमार्कमागे ही परीक्षा असते. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने, आणि २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. या सगळ्या व्यवहारात एक गोष्ट ठळक आहे: दागिन्याची किंमत कसावरून ठरते, कस किमतीवरून ठरवला जात नाही. ‘इतका महाग आहे म्हणजे बावीस कॅरेट असणारच’ असे कोणी सराफाला म्हणून पाहावे. हेडफोनच्या बाबतीत हाच उलटा न्याय शहाणीसुरती माणसे बिनदिक्कत लावतात.

यावर ताबडतोब आक्षेप येईल, आणि यायलाच हवा. सोन्याचा कस वस्तूत आहे, आवाजाचा कस ऐकणाऱ्यात आहे. सोने वितळवून तोलता येते; ‘गोडवा’ कुठल्या मुशीत घालणार? प्रत्येकाचा कान वेगळा, प्रत्येकाची आवड वेगळी, तेव्हा प्रत्येकाचे सत्यही वेगळे. खानदेशात जैन परंपरा खोल रुजलेली आहे, त्यामुळे हा आक्षेप पुष्कळदा अनेकान्तवादाचे नाव घेऊन येतो. पण अनेकान्त म्हणजे ज्याला जे वाटेल ते खरे, असे नव्हे. जैन आचार्यांनी प्रत्येक विधानाला ‘स्यात्’ जोडायला सांगितले ते विधान सैल करण्यासाठी सांगितले नाही. कोणत्या अपेक्षेने, कोणत्या अंगाने, कोणत्या मर्यादेत हे म्हणतो आहेस ते सांग, अशी ती मागणी आहे. तिला उत्तर द्यायचे तर हेडफोनच्या मालकाला म्हणावे लागेल: ‘किंमत ठाऊक असताना, परीक्षणे वाचून झाल्यावर, शेजारच्या हेडफोनपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात ऐकताना, मला हा अधिक चांगला वाटला.’ एवढे प्रामाणिकपणे म्हटले तर माझी काहीच तक्रार नाही. त्यातला मोठ्या आवाजाचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. आवाज कमी असताना कानाला खर्ज तुलनेने फार दबका लागतो, आवाज वाढला की तो भरून येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवले. डेसिबलचा जेमतेम एखादा अंश वर असलेला हेडफोनही ‘मोठा’ वाटत नाही, ‘भरीव’ वाटतो, ‘जिवंत’ वाटतो. तुलना करण्याआधी दोन्हींची पातळी सारखी केली नसेल तर ती तुलनाच नव्हे.

शिवाय आवडी वाटतात तितक्या विखुरलेल्याही नाहीत. हेडफोनची आंधळी चाचणी अवघड असते, कारण वजन आणि गादीचा स्पर्शच मॉडेल सांगून टाकतो. ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर तोड काढली: एकाच हेडफोनमधून, आवाजाचा समतोल बदलून, वेगवेगळ्या हेडफोनांचे आवाज उभे करायचे. डोक्यावर वजन तेच, गादी तीच, बदलतो तो फक्त आवाज. अशा चाचण्या वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या लोकांवर झाल्या, आणि बहुसंख्यांची पसंती एका ओळखता येण्याजोग्या समतोलाभोवती जमली. कोणाला खर्ज थोडा जास्त हवा, कोणाला कमी. पण चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा आवाज लोकांना आवडतो. म्हणजे आवाजाला कस आहे. तो ऐकणाऱ्यावाचून काढता येत नाही एवढेच.

आलेख म्हणजे संगीत नव्हे, हा वर ठेवलेला मुद्दा आता घेतो. मोजणीला मर्यादा आहेत हे मोजणारेच सांगतात. कृत्रिम कानावर हेडफोन जरासा सरकवला तरी वरच्या पट्टीतला आलेख बदलतो, आणि तो कृत्रिम कान तुमचा नसतो. म्हणून अखेरचा निवाडा कानानेच करावा, यंत्राने नव्हे, असे मीही म्हणतो. पण ज्याला कानाची इतकी थोरवी वाटते त्याने कानाला एकट्याने निवाडा करू दिला पाहिजे. यंत्राला बाहेर काढायचे आणि किमतीला मात्र न्यायासनावर कानाशेजारी बसवायचे, हे चालणार नाही. कोणी म्हणतात, चाचणीच्या ताणाखाली कान नीट चालत नाही, सूक्ष्म फरक निसटतात. काही अंशी ते खरे असू शकेल, आणि माझ्या बाजूला अडचणीचा ठरणारा पुरावाही इथे मांडायला हवा. सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि त्याहून वरच्या दर्जाचे, यांतला फरक ओळखण्याची एक चाचणी मायर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केली. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढी आली असती. पण २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा सरासरी ५२ टक्क्यांच्या थोडी वर निघाली, आणि शिकवून तयार केलेल्या कानांना फरक त्याहून स्पष्ट कळत होता. म्हणजे काही लोकांना काही बारीक फरक खरोखर कळतात. मला यात आनंदच आहे. त्यांना तो कळतो हे आपल्याला समजले तेही वस्तू न दाखवता घेतलेल्या चाचणीमुळे. ताणाने कानाची ताकद नाहीशी होत असती तर हा निकाल निघालाच नसता. आणि हेडफोनांमधले फरक असे केसाएवढे नसतात. बहुतेक दोन हेडफोनांतला फरक लहान मुलालाही कळेल इतका मोठा असतो. ‘वेगळा’ कळायला पैसे लागत नाहीत. भांडण आहे ते ‘वेगळा’ म्हणजे ‘अधिक चांगला’ का, यावर.

सगळ्यांत कठीण आक्षेप शेवटी राखून ठेवला आहे. २००८ साली काही संशोधकांनी लोकांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवून वाइन पाजली. एकच वाइन कधी १० डॉलरची म्हणून, कधी ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची ‘वाइन’ लोकांना अधिक आवडली, आणि नुसती तोंडाने आवडली नाही: सुखाशी जोडलेल्या मेंदूच्या भागात हालचालही वाढली. म्हणजे सुख खोटे नव्हते. मग हेडफोनच्या मालकाला लाख रुपयांत खरे सुख मिळत असेल तर त्याचा आनंद हिसकावून घेणारे आपण कोण? संतांच्या भूमीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. अनुभव हाच अधिकार, असे मानणारी परंपरा आपली आहे. पोथी नाकारून ज्यांनी अंतरीच्या प्रचीतीवर भिस्त ठेवली त्यांच्या वाटेवर आपण चाललो. आज हेडफोनच्या अनुभवाला चाचणी लावली तर उद्या भक्ताच्या अनुभवालाही लावाल.

याचे उत्तर दोरीवरच्या सापातच आहे. साप खोटा असला तरी भीती खरी असते, छाती धडधडते ती खरीच. म्हणून अनुभवाबद्दल दोन वेगळी विधाने करता येतात. ‘मला आनंद झाला’ हे विधान अनुभवाबद्दलचे आहे आणि त्याचा साक्षीदार एकटा मी. तिथे कोणी परीक्षा घेऊ नये. ‘या वस्तूत उत्तम आवाज आहे’ हे विधान वस्तूबद्दलचे आहे, ते मी दुसऱ्याला सांगतो, त्यावर दुसरा पैसे मोजतो, आणि तिथे माझा आनंद पुरावा म्हणून अपुरा आहे. संतांच्या प्रचीतीला मी या तराजूत घालत नाही, कारण ती कोणत्या बाजारातल्या वस्तूचा गुणधर्म सांगत नाही. ती माणूस बदलल्याची गोष्ट सांगते, आणि तो बदलला की नाही हे त्याच्या वागण्यातून दिसते. संतांनी स्वतःच ही परीक्षा फार कठोरपणे लावली आहे. टिळे-माळा घालून अनुभवाचा आव आणणाऱ्यांवर त्यांच्याइतके आसूड कोणी ओढले? तेव्हा अनुभवाची परीक्षा हा भक्तीवरचा हल्ला होत नाही. ती परंपरेतलीच शिस्त आहे. आणि ज्या आनंदाचा उगम किमतीत आहे, तो आनंद संगीताच्या नावावर जमा करणे हा संगीतावर अन्याय आहे, हे मला मनापासून वाटते.

दुसऱ्याला सांगण्याचा मुद्दा निघाला म्हणून शब्दप्रमाणाबद्दल थोडे. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेकांना असले महागडे हेडफोन घेण्याआधी कानाला लावून पाहायला मिळत नाहीत. परीक्षण वाचायचे, व्हिडिओ पाहायचा आणि मागवायचा. म्हणजे सगळी भिस्त दुसऱ्याच्या शब्दावर. न्यायदर्शन शब्दाला प्रमाण मानते, पण शब्द आप्ताचा हवा. न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखेच लागू आहे. कुळ नाही, पदवी नाही, फक्त या अटी. परीक्षकाला त्या लावून पाहाव्यात. त्याने किंमत न जाणता ऐकले का? विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे त्याला काही मिळते का? एकाचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘हो’ असेल, तर त्याच्या लिहिण्यात कितीही लालित्य असो, ते प्रमाण नव्हे.

महाग वस्तू घेणाऱ्याला मी मूर्ख म्हणत नाही. पैशाने पुष्कळ काही मिळते: हलके वजन, तासन्‌तास न टोचणारी गादी, सुटे भाग, पंधरा वर्षांनी दुरुस्ती होईल अशी बांधणी. कधी उत्तम आवाजही मिळतो. पण स्टुडिओत वर्षानुवर्षे राबणारे कितीतरी हेडफोन मध्यम किमतीचे आहेत, आणि १९८४ सालापासून बनत असलेला कॉसचा साधासुधा पोर्टा प्रो आजही लोक आवडीने ऐकतात. ‘एवढा ऊहापोह कशाला, ही चैनीची वस्तू’ असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ती आज आपल्यापाशी आहेत. शब्द आले. पण ते म्हणताना विनोबांचा आवाज कुठे चढला, कुठे थांबला, कोणत्या शब्दावर हळू झाला, हे कागदावर उतरले नाही आणि आता कधी ऐकू येणार नाही. जे यंत्र असा आवाज टिपते आणि जे तो पुन्हा कानाशी आणते, त्याचा खरेखोटेपणा क्षुल्लक कसा असेल? अहिराणीत गाणारी, कानबाईच्या उत्सवात गाणी म्हणणारी म्हातारी माणसे आज मोबाइलवर टिपली जात आहेत. ती उद्या कशी ऐकू येतील, हे या यंत्रांच्या खरेपणावर अवलंबून आहे.

तेव्हा हेडफोन घ्यायचा असेल तर एवढे करावे. तीन-चार हेडफोन मिळतील तिथे जावे, सोबत कोणाला तरी न्यावे, आणि नावे-किमती त्यालाच बघू द्याव्यात. प्रत्येकाचा आवाज त्याने सारख्या पातळीवर आणावा. तुम्ही डोळे मिटून, ओळखीचा टाळ, ओळखीचा पखवाज, ओळखीचा गळा ऐकावा, हेडफोन दोनदा काढून पुन्हा घालावा, आणि आपला क्रम कागदावर लिहून सही करावी. मगच किमती विचाराव्यात, आणि त्या ऐकून कागदावरचा क्रम बदलू नये.